गोऱ्या बाईच्या भगुण्यातले सात जाम

१

मिश्रीलाल शेटजींच्या बैठकीतलं चित्र चोरीला गेलं तेव्हा ते भिंतीवरच होतं.

शिरपूरच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर शेटजींचं दुकान. खाली तेल, तूर डाळ आणि खताची पोती, वर बिऱ्हाड. बैठकीत एक दिवाण, दिवाणावर पोपट आणि जाम रंगवलेल्या अभ्र्यांच्या उशा, आणि समोरच्या भिंतीवर गोरी बाई. पुण्यामुंबईचे लोक ज्याला पेरू म्हणतात, त्याला आपल्याकडे जाम म्हणतात. प्रत्येक अभ्र्यावर एक पोपट, एक जाम आणि दोन पानं, त्यातलं एक मुडपलेलं. या उशांना टेकून तीन पिढ्यांनी चहा घेतला, पण त्यांच्याकडे लक्ष कुणाचंच नव्हतं. चित्राकडेही नव्हतं, हे आता कळायचं होतं.

चित्र शेटजींच्या आजोबांना कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या मॅनेजरने जाताना दिलेलं. हॉलंडमधलं एक शेतकऱ्याचं घर. डावीकडे लहान खिडकी, तिच्या उजेडात पांढरी टोपी घातलेली बाई, मांडीवर भगुणं, म्हणजे पातेलं, हातात सुरी. मागे भिंतीत शिरलेली चूल, पाळण्यात एक पोर, लाकडी जोडे घातलेलं दुसरं पोर जमिनीवर, खाली कोपऱ्यात मांजर.

शेटजींची नात जिनल नागपूरला चित्रकला शिकते. तिने चित्राचा फोटो मुंबईच्या एका जाणकाराला पाठवला. बुधवारी उत्तर आलं. जिनलने ते सगळ्यांसमोर वाचलं.

"मूळ चित्र एकोणिसाव्या शतकातलं डच असून त्याचा जुना काळा-पांढरा फोटो सोबत जोडला आहे. मूळ चित्रात बाई बटाटे सोलते. आपल्या चित्रात ती पेरू सोलताना दिसते. तरी आपलं चित्र नक्कल असावं."

शेटजी सत्तरीचे. तरी खुर्चीवर चढले, चष्मा पुसला, भगुण्यात पाहिलं.

"आलू गेले!" ते ओरडले. "आलू होते इथं! सात! मी दहा वर्षांचा असताना इथंच बसून मोजत होतो. जाम कोठून आले?"

त्या जैन घरात कांदा-लसूण येत नव्हता, आलू तर नाहीच. जे काय आलू होते ते भिंतीवर. तेही गेले म्हणून शेटजी रडायचेच बाकी राहिले.

खुर्चीवरून उतरेपर्यंत त्यांनी चोर पकडलाही होता.

दोन महिन्यांपूर्वी चित्राच्या चौकटीला वाळवी लागली, म्हणून बसस्टँडजवळच्या संघदीपने नवी चौकट केली. चित्र चार दिवस त्याच्या दुकानात होतं. त्यात तो दुकानांचे बोर्डही रंगवतो. म्हणजे हात रंगाचा, आणि चित्र हाताशी. शेटजींचा तपास संपला. एवढ्या वेळात पोलिसांचा चहासुद्धा येत नाही.

ते तडक बसस्टँडवर गेले आणि भर रस्त्यात म्हणाले, "संघदीप, नक्कल मले देली, असली तू ठेवली! रविवारी दुपारपर्यंत चित्र आण. नाई तर ठाण्यात चाल."

रविवार चार दिवसांवर होता. संध्याकाळपर्यंत गाव बोलायला लागलं, आणि शाळेच्या हेडमास्तरांनी साठ फोटोंच्या चौकटींचं संघदीपचं काम थांबवून ठेवलं.

२

शेटजींच्या गच्चीवर त्या आठवड्यात रंगूबाई मुगाचे पापड लाटत होती. उन्हाळ्यात तिला बारा घरच्या गच्च्या आणि बारा घरची भांडणं पाठ असतात. मागल्या वर्षी एका लग्नात हरवलेली नथ तिने पुरणाच्या पाटावरून शोधून दिली. तेव्हापासून लोक वस्तू हरवली की आधी तिला विचारतात, मग देवाला.

गुरुवारी दुपारी जेवायला घरी जाताना संघदीपने तिला वाटेत गाठलं.

"मावशी, तुमी त्या घरात जाता. मले एवढंच सांगा, माह्यावर आळ काहून?"

"बसला नं तू चार दिवस चित्र घेऊन."

"चौकट सुकाले चार दिवस लागते. चित्रातलं काई कापाचं नाई, झाकाचं नाई, हा माहा नेम हाय. तुमाले तर माहीत हाय."

रंगूबाईला माहीत होतं. तिच्या नवऱ्याचा एकच फोटो होता, आणि त्यात त्याच्या खांद्याआडून बैलाचं अर्धं तोंड आलेलं. दुसऱ्या कुणी बैल कापला असता. संघदीपने विचारलं होतं, "ठेवू?" ती म्हणाली होती, "ठेव, दोघंबी सारखेच जिद्दी होते." आज भिंतीवर दोघं आहेत.

"मावशी, एक समजत नाई," संघदीप म्हणाला. "शेटजी मले चोर म्हणतात, अन त्यायच्या शेटानीनं काल कामवाल्या चंपाबाईच्या हातानं पापडाचा डबा पाठवला. आजबी आला, मुगवड्यायचा."

रंगूबाई चालता चालता थांबली. "चोराच्या घरी डबा?"

"हव."

"अन डब्यासंग निरोप?"

"काईच नाई. म्हणे, पोरायले खाऊ घाल."

रंगूबाई गच्चीवर परत आली आणि कामाला लागली. समोर जुन्या चौकटीवर मलमल ताणून मुगवड्या वाळत होत्या. शेटजींच्या घरातून काहीही फेकलं जात नाही. वाळवीने खाल्लेल्या चौकटीलाही तिथे नोकरी मिळते.

३

शुक्रवारी तिने लाटता लाटता चौकशी सुरू केली. लाटणं फिरत असलं की माणसं खरं बोलतात, असा तिचा अनुभव.

पहिली चंपाबाई. ती आठ वर्षांपासून घर झाडते आणि रोज चित्रावरून फडकं फिरवते.

"चंपा, गोऱ्या बाईच्या भगुण्यात काय हाय वं?"

चंपाबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अंडे."

"अंडे?"

"हिरवे अंडे. बदकाचे असते नं तसे. जैनाचं घर, मी कायले बोलू? एक दिवस माह्यामुळं घरात भांडण व्हाचं. म्हणून मी तिथं नजरच देत नाई. फडकं मारते अन पुढं जाते."

"पण हिरवेच?"

"मी आली तवापासून."

रंगूबाईने पापड उन्हात टाकला. आठ वर्षांपासून हिरवे. मग दोन महिन्यांपूर्वीचा संघदीप यात कुठून आला? पण चंपाबाईची साक्ष शेटजींपुढे टिकणारी नव्हती. जी बाई जामाला अंडं म्हणते, तिच्या हिरव्या रंगावर कोण विश्वास ठेवणार?

दुसरा नमन, शेटजींचा मुलगा, जिनलचा बाप. तो पापड मोजायला म्हणून वर आला आणि एक भाजून मागू लागला.

"नमनभाऊ, गोरी बाई काय सोलून राह्यली?"

"लिंबं."

"लिंबू सोलते?"

"लोणच्यासाठी सोलत असन." नमनने विचार केला. "तिकडे सोलत असतीन. अन कोपऱ्यात मांजरीजवळ उंदीर हाय. तो मस्त काढला."

"उंदीर?"

"बारका. तपकिरी. मांजर त्याच्याकडे पाहून बी नाई राह्यली, म्हणून मले हसू येते."

"हे कवापासून पाह्यता?"

"आत्ताच पाह्यला होळीनंतर. पयले काई दिसला नव्हता."

लाटणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं.

जिनलने तोवर घरातले सगळे अल्बम काढले होते. बैठकीत वाढदिवस झाले, साखरपुडे झाले. चित्र मागे असलेले बारा फोटो सापडले. अकरा फोटोंत भगुण्याच्या पुढे कुणाचं ना कुणाचं डोकं आणि बाराव्यात नेमका भगुण्यावर वार्निशमध्ये चमकलेला फ्लॅशचा गोळा.

"मावशी, आपल्या घरात एवढी डोकी आहेत आणि एकालाही आठवत नाही," जिनल म्हणाली.

शेवटी शेटजी. ते रोजच्यासारखे दुपारी पेपर आणायला बसस्टँडवर गेले होते. पेपर सकाळी सातलाच घरी येतो, हे रंगूबाईला ठाऊक होतं. परत आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीवर हिरव्या चटणीचा ठिपका होता.

"शेटजी, नक्की सातच आलू?"

"सात म्हणजे सात! आलूचा हिशेब मी चुकत नाई."

"तुमाले कसा आलूचा एवढा हिशेब?" रंगूबाईने बाहीकडे पाहून विचारलं.

शेटजींनी बाही दुमडली आणि खाली निघून गेले.

४

शनिवारी दुपारी सगळे झोपल्यावर रंगूबाई जिनलला घेऊन चित्रासमोर बसली. चाळीस वर्षं ती या घरात येते, पण चित्रासमोर मांडी घालून पहिल्यांदाच.

"कोण हाय वं ही?"

"कुणीही नाही मावशी. तेव्हा तिकडे शेतकऱ्याच्या घरातली अशी चित्रं खूप काढायचे. चूल, पाळणा, भाजी निवडणारी बाई. शहरातले श्रीमंत लोक विकत घेऊन आपल्या जेवायच्या खोलीत लावायचे."

"गरिबाचं घर भिंतीवर चालते," रंगूबाई म्हणाली. "गरीब दारात आला का, ठाण्यात चाल म्हणतात."

 कुणाबद्दल चाललंय हे जिनलला कळलं.

रंगूबाई पुढे सरकली. "हिचा हात पाह्य. सुरी अंगठ्याखाली हाय. अन हे साल पाह्य, एकसंग, लांब, खाली लोंबून राह्यलं. रंग कोणता?"

"मातकट."

"जाम हिरवा अन साल मातकट? बरं, जाम कोणी सोलते काय? तिखट-मीठ लावते अन खाते. अन इतक्या थंडीच्या मुलकात जाम पिकला तरी कोठी? ही बाई आलूच सोलते. हात आलूचा हाय, साल आलूचं हाय. खाली भगुण्यातच कोणीतरी खोडी केली."

जिनल ताडकन उठली. "म्हणजे हे नक्कल नाही! असलीच आहे, वरून रंग दिलाय!"

"हळू बोल. तो मुंबईचा फोटो दाखव."

जिनलने फोनवर जुना काळा-पांढरा फोटो मोठा केला. रंगूबाईने बोट लावून मोजले. भगुण्यात सात. आणि खाली कोपऱ्यात, मांजरीच्या पायाजवळ, घरंगळलेला एक.

आठ.

दोघींनी भिंतीवरच्या चित्रात पाहिलं. भगुण्यात सात हिरवेगार जाम. कोपऱ्यात मांजरीच्या पायाजवळ नमनभाऊंचा उंदीर. त्याला शेपूट नव्हतं, कान नव्हते. तो चांगला मातकट, गोल, जुना आलू होता.

"याला का नाही रंगवलं?" जिनलने विचारलं.

रंगूबाई उठली आणि जिना चढून गच्चीवर गेली. तिथे सुंदरबाई, म्हणजे शेटजींची बायको, राहिलेले पापड लाटत होती.

"शेटानी, मुगवड्या वाळल्या असतीन तर ही जुनी चौकट उद्या खाली न्या लागते."

सुंदरबाईचं लाटणं पोळपाटावरून घसरलं आणि गच्चीभर घरंगळत गेलं.

५

रविवारी दुपारी बैठकीत सगळे जमले. संघदीपला रंगूबाईने बोलावलं होतं. तो दारातच उभा राहिला. शेटजी दिवाणावर, शेजारी नमन, कोपऱ्यात चंपाबाई. सुंदरबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"आणलं चित्र?" शेटजींनी संघदीपला विचारलं.

"चित्र भिंतीवर हाय," रंगूबाई म्हणाली. "शेटजी, तुमी लहानपणी किती आलू मोजले?"

"किती डाव सांगू? सात."

"अन मुंबईच्या फोटोत?"

जिनलने फोन पुढे केला. शेटजींनी मोजले. पुन्हा मोजले. "आठ? आठ कसे? मी चुकत नाई!"

"नाईच चुकले तुमी. जिनल, लाव."

जिनलने जुनी चौकट चित्रावर धरली. आतली पट्टी दोन बोटं रुंद होती. मांजरीचा पाय झाकला गेला आणि पायाजवळचा आलू नाहीसा झाला. चौकट काढली, आलू परत आला. नमन म्हणाला, "उंदीर!" आणि मग स्वतःच ओशाळला.

"पाह्यलं?" रंगूबाई म्हणाली. "जुनी चौकट होती तोवर या घरात सातच आलू दिसत. आठवा लाकडाखाली. आता ज्यानं कोणी आलूचे जाम केले, त्यानं सातच केले. आठवा तसाच ठेवला. काहून? त्याले तो दिसलाच नाई. म्हणजे जाम झाले तवा जुनी चौकट चित्रावर होती. संघदीपच्या दुकानात चौकट निघाली, त्याले आठही दिसले. त्याले लबाडी कराची असती तर आठवा सोडला असता काय?"

संघदीप पहिल्यांदाच बोलला. "मले दिसला होता आठवा. नवी पट्टी मी म्हणूनच बारीक घेतली. चित्रातलं काई झाकाचं नाई."

"अन चंपाबाई आठ वर्षांपासून हिरवं पाहून राह्यली," रंगूबाई म्हणाली.

"अंडे," चंपाबाई म्हणाली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिल्यावर पदर तोंडाला लावला.

शेटजींचा चेहरा उतरला, पण वाद उतरला नाही. "मंग जाम केले कोण?"

"ते मी नाई सांगत," रंगूबाई म्हणाली, आणि पाठीला टेकायला म्हणून दिवाणावरची एक उशी ओढली. उशी मांडीवर घेऊन ती अभ्र्याकडे पाहत बसली. पोपट, जाम, दोन पानं, एक मुडपलेलं. मग तिने चित्राकडे पाहिलं. जिनलनेही पाहिलं. भगुण्यातल्या प्रत्येक जामाला दोन पानं होती. एक मुडपलेलं.

"दादी?" जिनल म्हणाली.

"मी सांगते," सुंदरबाई उंबऱ्यातून म्हणाली. "मीच केले."

शेटजी उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"लग्न होऊन आली तवा सासूबाई या चित्राकडे पाठ करून जेवत. म्हणत, आलूसमोर मी घास घेणार नाई. मामंजी म्हणत, साहेबानं देलेली चीज हाय, उतरवाची नाई. रोज दोघायची कुरबुर, अन मधात वाढणारी मी. पर्युषणात एक दिवस सासूबाई जेवल्याच नाई. सगळे मंदिरात गेले तवा मी स्टूल घेतला अन ऑइलपेंटचे डबे घेतले. मले दोनच गोष्टी काढता येत, पोपट अन जाम. पोपट भगुण्यात बसत नव्हता."

नमनला हसू आलं. ते त्याने खोकल्यात बुडवलं.

"सासूबाईनं दुसऱ्या दिवशी पाह्यलं.  ताट फिरवलं अन चित्राकडे तोंड करून जेवल्या. त्याले सत्तेचाळीस वर्षं झाली."

"सत्तेचाळीस वर्षं!" शेटजी म्हणाले. "अन मले दिसलं नाई?"

"तुमाले मीच कुठं दिसते," सुंदरबाई म्हणाली. मग संघदीपकडे वळली आणि तिचा आवाज पडला. "भाऊ, बुधवारी बोलाले पाह्यजे होतं. जिनलच्या मनात आलं होतं, चित्र विकून काई जमलं तर परदेशात शिकाले जाता येईन. तिचं मीच नासवलं, हे तोंडातून निघेना. डबे पाठवत राह्यली. डब्यानं अब्रू वापस येत नाई, समजते मले."

जिनलने आजीचा हात धरला. "दादी, नासलं नाही. वरचा रंग काढणारी माणसं असतात. चित्र असली आहे, हेच तर कळलं. पण तू चार दिवस गप्प बसलीस, ते चुकलंच."

"चुकलंच," सुंदरबाई म्हणाली.

शेटजींनी घसा साफ केला. "बरं संघदीप, झालं ते झालं. चहा घेऊन जा."

"चहा नको," संघदीप म्हणाला. "चोर तुमी इथं नाई म्हटलं शेटजी. बसस्टँडवर म्हटलं."

 शेटजींनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. एकही चेहरा त्यांच्या बाजूचा नव्हता. त्यांनी टोपी घातली.

६

रविवार असला तरी बसस्टँड भरलेला होता. शेटजींमागे संघदीप, रंगूबाई, सुंदरबाई, नमन, जिनल आणि शेवटी चंपाबाई, अशी वरातच निघाली होती. संघदीपच्या दुकानापुढे शेटजी थांबले. बोलायला तोंड उघडलं तोच शेजारच्या गाड्यावरून हरीओम ओरडला, "शेटजी, आज उशीर केला! नेहमीचे दोन आलूबोंडे गरम करू का? चटणी जास्तीची टाकतो!"

रिसोडच्या गाडीचा कंडक्टरसुद्धा वळून पाहू लागला. शेटजींनी डोळे मिटले. सुंदरबाईने त्यांच्या बाहीकडे पाहिलं, आणि आलूचा एवढा हिशेब यांच्याकडे कसा, हे तिला कळलं.

"आधी हे," शेटजी हरीओमला म्हणाले, आणि मग चांगल्या मोठ्या आवाजात, चारी बाजूंना ऐकू जाईल असं बोलले, "बुधवारी मी या माणसाले चोर म्हटलं. तो चोर नाई. चूक माह्या घरची, अन आंधळा मी. हेडमास्तरले मी आत्ता चिठ्ठी लिहून देतो."

चिठ्ठी त्यांनी संघदीपच्याच टेबलावर लिहिली. संघदीपने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली, आणि मग चहा मागवला. हरीओमकडून. पैसे शेटजींनी दिले. बोंडे मात्र तिथेच थंड झाले.

संध्याकाळी संघदीपने चित्र परत सरळ टांगून दिलं. मुंबईच्या जाणकाराला जिनलचं पत्र गेलं होतं. उत्तर येईपर्यंत जाम भगुण्यात राहणार होते. शेटजी चित्राखाली घुटमळले.

"संघदीप," ते हळूच म्हणाले, "तो कोपऱ्यातला आलू तेवढा चौकटीखाली झाकता येईन काय? घरात पाहुणे येतात."

संघदीपने सुंदरबाईकडे पाहिलं.

"राहू द्या," सुंदरबाई म्हणाली. "या घरात एक आलू तरी उघडा असू द्या."

आणि तिने शेटजींचं ताट उचललं, रोजच्या जागेवरून फिरवलं, आणि चित्रातल्या मांजरीच्या आणि तिच्या आलूच्या बरोबर समोर मांडलं.